आरशाच्या दोन खोडी : प्रकाशाच्या गिरकीचा इतिहास

 

आजच्या विषयाचं पूर्ण नाव पहिल्याच मिनिटाला सांगितलं तर निम्मे लोक रील्सकडे वळतील. म्हणून आधी एक छोटा प्रयोग. घरात पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लावा आणि साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे बघत कॅल्क्युलेटर हळूहळू गोल फिरवा. एका कोनात आकडे गायब होतात. काही फोनच्या स्क्रीनवरही असं होतं. कारण पडद्यातून येणारा प्रकाश एका ठरावीक दिशेतच थरथरत असतो आणि गॉगल एकाच दिशेची थरथर आत सोडतो. याला ध्रुवीकरण म्हणतात. बीटेकच्या पहिल्या वर्षी लॅबमध्ये आपण सगळ्यांनी दहा-दहा अंशांनी पोलरायझर फिरवून याची रीडिंग घेतली आहेत, आणि घेतल्या घेतल्या विसरलोही आहोत.

ही थरथर सरळ रेषेतच असायला हवी असं नाही. ती गिरकी घेत घेतही पुढे येऊ शकते, डावीकडून किंवा उजवीकडून. थ्री-डी सिनेमाच्या बऱ्याच चष्म्यांत एका डोळ्याला डावी गिरकी दिसते आणि दुसऱ्याला उजवी. ही गिरकी म्हणजेच प्रकाशाचा स्पिन. ती नुसती कागदावरची कल्पना नाही. १९३१ मध्ये कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि एस. भगवंतम यांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या मोजमापांवरून फोटॉनला स्पिन असल्याचा प्रायोगिक पुरावा मांडला. १९३६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बेथ यांनी क्वार्ट्झच्या बारीक धाग्याला एक चकती टांगली, तिच्यावर गिरकीवाला प्रकाश सोडला, आणि त्या प्रकाशाने चकतीला दिलेला पीळ मोजला. प्रकाशाने वस्तू पिळली! मला तर हे आजही जादूसारखं वाटतं.

आता मुख्य प्रश्न. इलेक्ट्रॉनलाही स्पिन असतो. तो १९२५ मध्ये लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी सुचवला. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती धावताना त्याला स्वतःच्या नजरेतून एक चुंबकीय क्षेत्र जाणवतं, आणि ते त्याच्या स्पिनला ओढतं. धाव आणि गिरकी यांची अशी गाठ पडते, तिला स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हणतात. हिच्यामुळेच सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात एक नाही तर दोन रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. इलेक्ट्रॉनचं हे ठीक आहे, त्याच्याकडे विद्युतभार आहे. फोटॉनकडे काय आहे? भार नाही, वस्तुमान नाही, चुंबक जवळ नेला तरी तो ढिम्म. मग प्रकाशाच्या धावेची आणि गिरकीची गाठ कशी मारायची?

ही गाठ मारता आली, आणि ती आरशाच्या दोन खोडींमुळे. आरसे बनवणाऱ्या इंजिनियरला दोन्ही नको असतात. आजची गोष्ट त्या दोन खोडींची आहे.

पण आधी एका जोडप्याची ओळख. अर्धवाहकात, म्हणजे सेमीकंडक्टरमध्ये, प्रकाश पडला की एखादा इलेक्ट्रॉन जागा सोडून वर उडी मारतो. मागे मोकळी जागा उरते. एसटीच्या रांगेत मधला माणूस निघून गेला की प्रत्येक जण एक पाऊल पुढे सरकतो आणि ती मोकळी जागा मागे मागे जाते ना, तसंच इथे होतं. ही जागाच जणू एक कण असल्यासारखी फिरते. उडालेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मोकळी जागा एकमेकांना धरून राहिले तर त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ही कल्पना १९३१ मध्ये लेनिनग्राडच्या याकोव्ह फ्रेंकेल यांची. त्याच शहरात एव्हगेनी ग्रॉस यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याच्या ऑक्साइडच्या स्फटिकात तिच्या खुणा पाहिल्या.

एक्सायटॉन हा खरा कण नव्हे, कणासारखं वागणारी गोष्ट. वानखेडेवर लाट फिरते तेव्हा कोणीच जागा सोडत नाही, फक्त उठतं आणि बसतं, तरी लाट मात्र स्टेडियमभर फिरते. तसलाच प्रकार. इंग्रजीतला शब्द क्वासिपार्टिकल, आपण कणाभास म्हणू.

आता प्रकाश एक्सायटॉन बनवतो, एक्सायटॉन विझून पुन्हा प्रकाश देतो, तो प्रकाश पुन्हा एक्सायटॉन बनवतो. ही देवाणघेवाण फार वेगाने चालली तर या क्षणी आत प्रकाश आहे की द्रव्य, हा प्रश्नच निरर्थक होतो. एका फांदीला दोन झोके बांधलेत. एक हलवला की थोड्या वेळाने दुसरा हलू लागतो आणि पहिला थांबतो, मग पुन्हा उलट. अशा वेळी कुठला झोका हलतोय हे विचारण्यापेक्षा दोघांचा मिळून ताल काय आहे हे विचारावं लागतं. किव्हमधले सोलोमन पेकर १९५७ मध्ये या दिशेने विचार करत होते. १९५८ मध्ये कॉर्नेलच्या एका पंचविशीतल्या विद्यार्थ्याने प्रकाश आणि एक्सायटॉनच्या या मिश्रणाचं गणित मांडलं आणि त्याला नाव दिलं, पोलॅरिटॉन. विद्यार्थ्याचं नाव जॉन हॉपफील्ड. नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर. २०२४ मध्ये न्यूरल नेटवर्कसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेच हे हॉपफील्ड. आपल्या फील्डमधले लोक त्यांना एआयवाले म्हणून ओळखतात, पण त्यांची सुरुवात स्फटिकातल्या प्रकाशापासून झाली होती.

यानंतर जवळजवळ साडेतीन दशकं पोलॅरिटॉन स्फटिकांच्या अभ्यासकांपुरताच राहिला. स्फटिकाच्या ठोकळ्यात तो आहे हे कळायचं, पण त्याला धरून ठेवणं आणि नीट बघणं अवघड होतं. ती सोय केली आरशांनी.

हे आरसे न्हाव्याच्या दुकानातले नव्हेत. दोन वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर आलटून पालटून एकावर एक चढवायचे, प्रत्येक थर त्या थरातल्या तरंगलांबीच्या पाव पट जाड. प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परत येतो आणि सगळे परतलेले तरंग एकमेकांना साथ देतात. असे दोन आरसे समोरासमोर ठेवले आणि मधली फट तरंगलांबीच्याच मापाची ठेवली, की झाली मायक्रोकॅव्हिटी. याच पद्धतीच्या उभ्या लेसरची कल्पना जपानच्या केनिची इगा यांनी १९७७ मध्ये मांडली. फेस अनलॉकसाठी काही फोन तुमच्या चेहऱ्यावर जे अदृश्य ठिपके टाकतात, ते याच जातीच्या लेसरमधून येतात.

१९९२ मध्ये क्लॉड वाइसबुश हे फ्रेंच शास्त्रज्ञ आणि टोकियोचे यासुहिको अराकावा व त्यांचे सहकारी यांनी अशाच कॅव्हिटीच्या मध्ये काही नॅनोमीटर जाडीचे गॅलियम आर्सेनाइडचे थर ठेवले. एक्सायटॉन या थरांत अडकतो आणि प्रकाश आरशांमध्ये. मग आरशावरून परतणारा प्रकाश मोजला. जिथे एक खड्डा दिसायला हवा तिथे दोन दिसले. कॅव्हिटीचा ताल एक्सायटॉनच्या तालाजवळ नेला की दोघं एकमेकांत न मिसळता दूर सरकायचे. दोन झोक्यांचा मिळून झालेला ताल तो हाच. पोलॅरिटॉन पिंजऱ्यात सापडला.

या पिंजऱ्याने प्रकाशाला एक नवीन गोष्ट दिली, वस्तुमान. उभ्या दिशेत प्रकाश आरशांमध्ये अडकलेला आहे, त्यामुळे तो आडवा सरकतो तेव्हा अगदी जड कणासारखा वागतो. जड म्हणजे किती? पोलॅरिटॉन इलेक्ट्रॉनच्या साधारण दहा हजाराव्या ते लाखाव्या भागाइतका असतो. इतका हलका असण्याचा फायदा २००६ मध्ये दिसला. ग्रनोबल आणि लोझानच्या गटांनी कॅडमियम टेल्युराइडच्या कॅव्हिटीत पोलॅरिटॉनचं बोस-आइनस्टाइन संघनन दाखवलं, १९ केल्विनला. १९९५ मध्ये रुबिडियमच्या अणूंना त्याच अवस्थेत न्यायला केल्विनच्या कोट्यवधी भागांपैकी काही भागांपर्यंत थंड करावं लागलं होतं. यातले बोस म्हणजे १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइनना आपला निबंध पाठवणारे सत्येंद्रनाथ बोस. त्यांच्यावर एक अख्खा एपिसोड करायचा आहे, आज नको.

आता पहिली खोड. आरसे गळतात. कितीही थर चढवा, प्रकाश शेवटी बाहेर पडतोच. त्यामुळे पोलॅरिटॉनचं आयुष्य पिकोसेकंदांत मोजतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. संघनन टिकवायचं तर फुटक्या टाकीत नळ चालू ठेवल्यासारखं बाहेरून सतत भरत राहावं लागतं. "हे खरं संघनन आहे का, की नुसता वेगळ्या धाटणीचा लेसर?" या वादाचं मूळही ही गळतीच. पण निसटणारा प्रकाश आतली सगळी खबर घेऊन येतो. तो कुठल्या कोनात निसटला यावरून आत पोलॅरिटॉन कुठे आणि किती वेगात धावत होता ते कळतं, रंगावरून ऊर्जा कळते आणि ध्रुवीकरणावरून स्पिन. बाहेर एक चांगला कॅमेरा आणि दोन-चार पोलरायझर असले की पुरे. आम्ही सॉफ्टवेअरवाले चालू प्रोग्राममध्ये काय चाललंय ते बघायला लॉग लिहितो. इथे निसर्गच स्वतः लॉग लिहितो, तोही फुकट.

दुसरी खोड जास्त मजेदार आहे. प्रकाश आरशावर सरळ आपटला तर त्याची थरथर कुठल्याही दिशेत असो, आरशाला फरक पडत नाही. पण तिरका आपटला तर पडतो. थरथर आरशाच्या पृष्ठभागाला समांतर असेल तर त्याला टीई म्हणतात, आणि त्यात उभा घटक मिसळला असेल तर टीएम. आरसा या दोघांना किंचित वेगळ्या पद्धतीने परत पाठवतो, त्यामुळे दोघांची ऊर्जाही किंचित वेगळी होते. पोलॅरिटॉन जितक्या जोरात आडवा धावेल तितका हा फरक वाढतो. सुरुवातीचा वेग दुप्पट झाला की फरक साधारण चौपट. उत्तम आरसा बनवू पाहणाऱ्याला हा नुसता त्रास.

पण जरा उलट बाजूने बघा. दोन ध्रुवीकरणं म्हणजे स्पिनचीच दोन रूपं, आणि त्यांच्या ऊर्जेतला फरक धावेच्या दिशेवर आणि वेगावर अवलंबून आहे. धाव आणि गिरकी यांची गाठ! इलेक्ट्रॉनला अणुकेंद्राजवळ जे चुंबकीय क्षेत्र जाणवतं, तसंच क्षेत्र पोलॅरिटॉनला आरशाच्या खोडीमुळे जाणवतं. प्रत्यक्षात चुंबक कुठेच नाही. आणि 'ऑर्बिट' हा शब्दही इथे उसना आहे, कारण पोलॅरिटॉन कशाभोवतीच फिरत नाही. फक्त त्याची धावायची दिशा महत्त्वाची.

या आभासी क्षेत्राचीही एक तऱ्हा आहे. पोलॅरिटॉनने धावायची दिशा पूर्ण गोल फिरवली तर क्षेत्र दोनदा गोल फिरतं. फुगडीत एक फेरी पूर्ण होताना जोडीदारीण दोन गिरक्या घेईल, तसं काहीतरी. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनसाठी रशबा यांनी सांगितलेल्या गाठीत क्षेत्र एकदाच फिरतं. हा दुप्पटपणा लक्षात ठेवा, लगेच लागेल.

२००५ मध्ये अलेक्सेई काव्होकिन, गिलॉम मालपुएक आणि मिखाइल ग्लाझोव यांनी गणित केलं. समजा कॅव्हिटीत सरळ थरथरणारा प्रकाश सोडला, म्हणजे ज्यात डावी आणि उजवी गिरकी सारखीच आहे. पोलॅरिटॉन सगळ्या दिशांना धावू लागतील. प्रत्येक दिशेला आभासी क्षेत्र वेगळं, त्यामुळे प्रत्येकाचा स्पिन त्या क्षेत्राभोवती कलत्या भोवऱ्यासारखा वेगळा फिरेल. थोड्या वेळाने वर्तुळाचे चार भाग पडतील. एका भागात डावी गिरकी, शेजारच्यात उजवी, मग डावी, मग उजवी. क्षेत्र दोनदा फिरतं म्हणून चार भाग. याला त्यांनी ऑप्टिकल स्पिन हॉल इफेक्ट म्हटलं. २००७ मध्ये पॅरिसमध्ये आल्बेर्तो ब्रामाती आणि एलिझाबेथ जॅकोबिनो यांच्या गटाने तो प्रयोगात दाखवला. कॅमेऱ्यात चार पाकळ्यांचं फूल, रंग आलटून पालटून.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे. इलेक्ट्रॉनचा मूळ स्पिन हॉल इफेक्ट द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी लेनिनग्राडमध्ये १९७१ ला सांगितला होता. तो दिसला २००४ मध्ये, कॅलिफोर्नियात, तेहतीस वर्षांनी. प्रकाशाच्या भावंडाला दोन वर्षं पुरली. दरम्यान तंत्रज्ञान सुधारलं होतं हे खरंच. पण माझ्या मते मोठं कारण आरशाची पहिली खोड. इलेक्ट्रॉनचा स्पिन धातूच्या किंवा अर्धवाहकाच्या पोटात असतो, त्याला आडमार्गाने विचारावं लागतं. पोलॅरिटॉन मात्र मरता मरता स्वतःचा स्पिन सांगून जातो. एका खोडीने परिणाम घडवला आणि दुसरीने तो दाखवला.

साध्या काचेतही प्रकाशाची धाव आणि गिरकी यांची गाठ असते बरं का. २००८ मध्ये इलिनॉयच्या ओनुर होस्टेन आणि पॉल क्वायट यांनी ती मोजली. हवेतून काचेत शिरताना डावी आणि उजवी गिरकी बाजूला सरकतात, पण इतक्या कमी की त्यासाठी अँगस्ट्रॉमपर्यंतची अचूकता आणावी लागली. कॅव्हिटीत तेच उघड्यावर होतं.

पुढची वर्षं बांधकामाची. पॅरिसजवळच्या मार्कुसीमध्ये जॅकलीन ब्लॉक आणि आल्बेर्तो आमो यांच्या गटाने कॅव्हिटी कोरून तिचे काही मायक्रोमीटर रुंदीचे खांब केले. सहा खांब षटकोनात जोडले, बेन्झीनच्या रेणूसारखे. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की या षटकोनात प्रकाश एका खांबावरून दुसऱ्यावर उडी मारताना त्याचं ध्रुवीकरण आणि त्याचं गोल फिरणं एकमेकांत गुंततं. म्हणजे 'ऑर्बिट' हा उसना शब्द इथे थोडा खराही झाला. २०१८ मध्ये जर्मनीत वुर्झबुर्गला सेबास्टियन क्लेंब्ट आणि सहकाऱ्यांनी मधाच्या पोळ्यासारखी जाळी केली, अतिथंड केली आणि ५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लावलं. आधी म्हणालो की फोटॉन चुंबकाला दाद देत नाही. पण पोलॅरिटॉनमध्ये अर्धा एक्सायटॉन आहे, तो देतो. चुंबक आणि आरशाची दुसरी खोड, दोन्ही मिळून जाळीच्या कडेने प्रकाश एकाच दिशेने वाहू लागला. कोपरा आला तर वळून पुढे गेला. क्षेत्र उलटं केलं की वाहण्याची दिशाही उलटी. दोन्हींपैकी एक काढून टाका, हा खेळ संपतो.

आता बंगळूरला जाऊ, कारण या सगळ्याच्या गणिताचा एक धागा तिथला आहे. १९५६ मध्ये रामन संशोधन संस्थेत रामन यांचे भाचे एस. पंचरत्नम स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करत होते. वय बावीस. सगळी ध्रुवीकरणं एका गोलावर ठिपक्यांनी दाखवता येतात. उत्तर ध्रुवावर डावी गिरकी आहे असं समजा, तर दक्षिणेला उजवी आणि विषुववृत्तावर सगळ्या सरळ थरथरी. पंचरत्नम यांना दिसलं की प्रकाशाला या गोलावर एक फेरी मारून मूळ ठिपक्यावर परत आणलं, तर ध्रुवीकरण तेच राहतं, पण लहर थोडी पुढे-मागे सरकते. किती? त्या फेरीने गोलावर जे क्षेत्रफळ घेरलं त्याच्या निम्म्याइतकी. मार्गाची लांबी कितीही असो, वेग कितीही असो, हिशोब घेरलेल्या क्षेत्रफळाचाच. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी ब्रिस्टलमध्ये पुंजभौतिकीसाठी असाच एक व्यापक नियम मांडला आणि तो जगभर गाजला. १९८६ मध्ये एस. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी पंचरत्नम यांच्या जुन्या कामाकडे लक्ष वेधलं, आणि १९८७ मध्ये बेरींनी स्वतः त्यावर लेख लिहून श्रेय दिलं. पंचरत्नम तेव्हा हयात नव्हते. १९६९ मध्ये ऑक्सफर्डला असताना, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले.

इथे मला एक काळजी वाटते. उद्या कोणीतरी "पोलॅरिटॉनचा शोध भारतात लागला होता" असा फॉरवर्ड बनवेल. कृपया नको. पंचरत्नम यांचा पोलॅरिटॉनशी काही संबंध नव्हता. त्यांनी जे केलं ते नेमकं सांगितलं तरी खूप मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

नेमकं ते असं. ज्या पदार्थांत धाव आणि गिरकी गुंतलेली असतात, तिथे वेग बदलला की स्पिन त्या गोलावर सरकतो. तो किती क्षेत्रफळ घेरतो, म्हणजे ती जागा किती 'वाकडी' आहे, यावर कण बाजूला किती ढळेल हे ठरतं. या वाकडेपणाला आज बेरींचं नाव आहे. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तो बहुधा अप्रत्यक्षपणे काढावा लागतो. २०२० मध्ये इटलीतल्या लेच्चे शहरात दानिएले सानवित्तो यांच्या गटाने मायक्रोकॅव्हिटीतून निसटणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण कोनामागून कोन मोजलं. प्रत्येक कोनाला गोलावरचा एक ठिपका. ठिपके जोडले आणि तो वाकडेपणा थेट काढला. मग पोलॅरिटॉन खरंच तितके बाजूला ढळतात का, हेही तपासलं. सिद्धांताच्या बाजूने त्यात मालपुएक होतेच, २००५ चेच.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न येणार. प्रकाशावर चालणारा संगणक वगैरे स्लाइड्स मीही पाहिल्या आहेत. वर सांगितलेले बरेचसे प्रयोग अतिशीत तापमानाचे आहेत, त्यामुळे तुमचा पुढचा लॅपटॉप पोलॅरिटॉनवर चालेल असं मी म्हणणार नाही. मला जास्त आशा वाटते ती २०१९ च्या वॉर्साच्या प्रयोगाची. त्यांनी दोन आरशांच्या मध्ये लिक्विड क्रिस्टल भरलं, आपल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतं त्या जातीचं. त्यावर व्होल्टेज लावलं की रेणू वळतात आणि धाव-गिरकीची गाठ बदलते. ठरावीक व्होल्टेजला ती इलेक्ट्रॉनच्या रशबा आणि ड्रेसलहाउस गाठींसारखी होते. सामान्य तापमानाला. त्या प्रयोगात एक्सायटॉन नव्हता, नुसता प्रकाश होता. पण आरशाची जी खोड आजवर बनवताना जशी येईल तशी पत्करावी लागायची, ती आता बटणाने कमी-जास्त करता येते.

आणि हो, विषयाचं नाव राहिलंच. ऑप्टिकल मायक्रोकॅव्हिटीमधल्या प्रकाश-द्रव्य कणाभासांचं स्पिन-ऑर्बिट कपलिंग. पहिल्या मिनिटाला हे ऐकून थांबला असतात का, कमेंटमध्ये खरं खरं सांगा. पुढच्या वेळी ढाका, १९२४.